पंधराशे रुपये कोणाच्या वाट्याचे? सरकारच्या कामगिरीचा आपला हिशेब

आमच्या कामाच्या भागातले एक कुटुंब डोळ्यासमोर आणा. आई शेतमजुरी करते. दर महिन्याला तिच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये येतात. मुलगी पुण्यात पदवीचे शिक्षण घेते. शासकीय वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही, म्हणून तिने स्वाधार योजनेचा अर्ज भरला आणि तो मंजूरही झाला. पण पहिले सत्र संपून परीक्षा झाली तरी हप्ता आला नव्हता. चौकशी केली की एकच उत्तर मिळायचे, "निधी आला की जमा होईल." शेवटी आईने आपले पंधराशे रुपये मुलीला पाठवायला सुरुवात केली. सरकारने आईला दिलेले पैसे मुलीच्या मेसच्या बिलात जाऊ लागले.

अशी कुटुंबे आम्हाला एकदा नाही, अनेकदा भेटली. सुरुवातीला आम्ही याकडे सरकारी दिरंगाई म्हणूनच पाहत होतो. राज्याचा अर्थसंकल्प वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले की गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आईच्या पंधराशे रुपयांचा काही भाग ज्या निधीतून दाखवला जातो, त्याच निधीतून मुलीच्या स्वाधारचे पैसे यायचे असतात. तो निधी म्हणजे अनुसूचित जाती घटक कार्यक्रम, जुन्या भाषेत विशेष घटक योजना.

महाराष्ट्र सरकार आपल्या कामगिरीची यादी मोठ्या फलकांवर लावते. त्या यादीकडे आंबेडकरी, बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी कसे पाहायचे, हा आजचा प्रश्न आहे. आंधळे कौतुक नको आणि सवयीचा विरोधही नको. हिशेब हवा.

जे चांगले झाले ते मान्य करू

गेल्या तीन-चार वर्षांत राज्यात काही निर्णय असे झाले की त्यांचा फायदा आपल्या वस्त्यांना थेट मिळाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळू लागले. ज्यांच्या घरी दुचाकीसुद्धा नाही त्यांच्यासाठी हा निर्णय किती मोठा आहे, हे चारचाकीतून फिरणाऱ्यांना कळणार नाही. आमच्या बचत गटातल्या बाया आता तालुक्याच्या बैठकीला येताना तिकिटाचे कारण सांगत नाहीत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व सेवा मोफत झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र या निर्णयात नव्हती आणि गंभीर आजाराचा रुग्ण अखेर तिथेच जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ते राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू करण्याचा निर्णयही २०२३ चाच. एखाद्या घरात कर्करोग किंवा हृदयविकार निघाला की घर कसे कर्जात बुडते, हे आम्ही रोज पाहतो. या योजनेने काही घरे त्यातून वाचवली आहेत.

आणि लाडकी बहीण. २८ जून २०२४ ला घोषणा झाली, ऑगस्टमध्ये पैसे खात्यात आले. अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या महिलेला महिना पंधराशे रुपये. दोन कोटींहून अधिक महिलांपर्यंत ही योजना पोहोचली. निवडणूक डोळ्यासमोर ठेवून ती आणली, हे खरे आहे. निवडणुकीत एकवीसशे रुपयांचे आश्वासन दिले, तेही सर्वांना आठवते. पण स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणापुढे हात न पसरता आलेले पंधराशे रुपये एखाद्या परित्यक्ता बाईला काय देतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तिला 'फुकटे खाणारी' म्हणणाऱ्या मध्यमवर्गीय सुरात आपण सूर मिसळू नये. घरकाम, शेतकाम आणि मुलांचे संगोपन करणाऱ्या बाईला समाजाने आजवर काय मोबदला दिला?

म्हणजे कामगिरी खोटी नाही. प्रश्न तिच्या बिलाचा आहे. हे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते?

वाढलेल्या आकड्याच्या आत

१० मार्च २०२५ ला अर्थमंत्री म्हणून अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण आकार ७ लाख कोटींच्या थोडा वर. त्यात अनुसूचित जाती घटक कार्यक्रमासाठी २२,६५८ कोटी रुपये ठेवले गेले. आदल्या वर्षी हाच आकडा १५,८९३ कोटी होता. म्हणजे ४२ टक्के वाढ. भाषणात ही वाढ अभिमानाने सांगितली गेली आणि आपल्यापैकी अनेकांनी ती आनंदाने फॉरवर्डही केली.

आता आत डोकावू. लाडकी बहीण योजनेसाठी त्या वर्षी सुमारे ३६ हजार कोटींची तरतूद होती. त्यातला मोठा भाग महिला व बालविकास विभागाच्या नावावर होता, पण सगळा नाही. ३,९६० कोटी सामाजिक न्याय विभागाकडून आणि ३,२४० कोटी आदिवासी विकास विभागाकडून यायचे होते. मे २०२५ मध्ये त्यातले ४१० कोटी ३० लाख आणि ३३५ कोटी ७० लाख रुपये वर्ग झाल्याचे उघड झाले. तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. विरोधी पक्षाने टीका करणे वेगळे आणि खात्याच्या मंत्र्याने तक्रार करणे वेगळे. खात्याच्या मंत्र्याला आपल्या खात्याच्या पैशाबद्दल माध्यमांतून बोलावे लागते, यावरून सत्तेच्या टेबलावर या खात्याची जागा कुठे आहे ते कळते.

साधे गणित करू. २२,६५८ कोटींमधून ३,९६० कोटी म्हणजे दर शंभर रुपयांतले साडेसतरा रुपये. दोन वर्षांच्या तरतुदींतला फरक ६,७६५ कोटींचा. ३,९६० कोटी हे त्या फरकाच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे ज्या वाढीचे कौतुक झाले, तिच्या अर्ध्याहून अधिक रकमेइतका पैसा एका सर्वसाधारण योजनेकडे वळता झाला.

सरकारचे उत्तर आणि त्यातली गफलत

सरकारचे उत्तर असे आहे : लाडकी बहीण योजनेत अनुसूचित जातीच्या महिलाही आहेत. त्यांना मिळणारा पैसा अनुसूचित जातीच्या निधीतून दाखवला तर त्यात चूक काय? पैसा अखेर त्याच समाजाकडे जातो ना?

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वर्षाला एका महिलेचे १८ हजार रुपये होतात. ३,९६० कोटींत २२ लाख महिलांचे वर्षभराचे पैसे बसतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाखांवर, म्हणजे ११.८ टक्के आहे. एवढ्या लोकसंख्येत २२ लाख लाभार्थी महिला असणे शक्य आहे. म्हणून 'आपला पैसा दुसऱ्याच बायकांना वाटला' असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. कार्यकर्त्यांनी असे विधान भाषणात केले, तर समोरचा एका वाक्यात ते खोडून काढेल.

गफलत वेगळ्या जागी आहे. आपल्या वस्तीतली आई या योजनेत बसते ती अनुसूचित जातीची आहे म्हणून नाही. ती या राज्याची रहिवासी आहे, महिला आहे आणि तिचे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे म्हणून बसते. शेजारच्या गल्लीतली मराठा, माळी किंवा मुस्लिम बाई ज्या निकषावर बसते त्याच निकषावर ती बसते. मग त्या शेजारणीचे पंधराशे रुपये राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून, आणि आपल्या आईचे मात्र अनुसूचित जातीच्या राखीव निधीतून, असे का? उद्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत, दवाखान्यातली मोफत तपासणी, रस्त्यावरचा दिवा, या सगळ्यातला आपला 'लोकसंख्येइतका' वाटा याच निधीतून कापला तर? अनुसूचित जातीचा माणूस रस्त्यावरून चालतो म्हणून रस्त्याचा खर्चही त्याच्याच राखीव निधीत धरणार का?

रहिवासी म्हणून मिळायचे ते सर्वसाधारण निधीतून मिळाले पाहिजे. शतकांच्या वंचनेची भरपाई म्हणून मिळायचे ते त्याच्या वर, वेगळे मिळाले पाहिजे. पहिल्याचे बिल दुसऱ्यातून फेडले की कागदावर दोन्ही दिसतात. घरात मात्र एकच पोहोचते.

विशेष घटक योजना आली कशासाठी?

तरुण मित्रांना हा इतिहास माहीत असायला हवा. आदिवासींसाठीची उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४ च्या सुमारास सुरू झाली. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आली. ही कल्पना मांडून ती पुढे रेटणारे अधिकारी म्हणजे पी. एस. कृष्णन. त्यांनी आयुष्यभर हा विषय सोडला नाही. त्या वेळचा अनुभव असा होता की विकासाच्या सर्वसाधारण योजना गावात येतात, पण गावकुसाबाहेर पोहोचत नाहीत. धरण होते, कालवा होतो, पण ज्याला जमीनच नाही त्याच्या शेतात पाणी कुठून येणार? म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा आणि तो फक्त या समाजांची दरी भरून काढणाऱ्या कामांवर खर्च करायचा, असे ठरले. पुढे नियोजन आयोगाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही आणि वर्ष संपले म्हणून तो रद्द होणार नाही.

महाराष्ट्र यात एके काळी पुढे होता. आदिवासी उपयोजनेबाबत सुकथनकर समितीच्या शिफारशींवरून १९९३ च्या सुमारास निधी आधीच बाजूला काढून संबंधित विभागाच्या हाती देण्याची पद्धत इथे आली आणि तिच्याकडे इतर राज्यांनी आदर्श म्हणून पाहिले. पुढे नियोजन आयोग गेला. २०१७-१८ पासून योजनांतर्गत आणि योजनेतर खर्च हा भेदही संपला. नाव 'घटक कार्यक्रम' झाले. नियमांची जुनी चौकट सैल झाली आणि तिच्या जागी कायदा मात्र आला नाही.

बौद्धांसाठी या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या त्या पुन्हा दिल्या. केंद्रात मात्र त्यासाठी १९९० पर्यंत लढावे लागले. आज शासन निर्णयांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे शब्द सहज लिहिलेले दिसतात. त्या एका शब्दामागे तीस वर्षांचे मोर्चे आहेत. जे लढून मिळाले ते हिशेबाच्या वहीत गुपचूप जाणार असेल, तर आपण वही वाचायला शिकले पाहिजे.

३,९६० कोटींत काय झाले असते?

परत त्या मुलीकडे येऊ. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये आली, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले : भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. २० हजार भागिले बारा केले तर खोलीसाठी महिन्याला १,६६७ रुपये येतात. पुण्यात या पैशात चार जणांत एक खोली तरी मिळते का, हे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना विचारा. तरीही ही योजना मोलाची आहे, कारण ती नसती तर आपली हजारो मुले-मुली तालुक्याच्या पुढे गेलीच नसती. ३,९६० कोटी रुपयांत वर्षाला ६० हजारांच्या दराने ६ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचा स्वाधार भागतो. इतके अर्जदार नसतीलही. मग दर वाढवा, हप्ता वेळेवर द्या, नवी वसतिगृहे बांधा. पण 'निधी आला की' हे उत्तर देण्याचा अधिकार राहत नाही.

दुसरे उदाहरण जमिनीचे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४-०५ पासून आहे. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, अशी ही योजना. आधी निम्मे कर्ज, निम्मे अनुदान होते. २०१८ मध्ये शंभर टक्के अनुदान झाले. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य आहे. म्हणजे ही खऱ्या अर्थाने बहिणीचीच योजना आहे. जिरायती जमिनीसाठी एकरी पाच लाख रुपयांची कमाल मर्यादा धरली तर एका कुटुंबाला २० लाख लागतात. ३,९६० कोटींत १९,८०० कुटुंबे जमिनीची मालक होतात. एका वर्षाच्या पैशात, आणि कायमची.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे त्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांनी मागितली होती ती जमीन. आज गावात फिरलो तर या योजनेत जमीन मिळालेली कुटुंबे मोजकी सापडतात. ठरलेल्या दराने कोणी चांगली जमीन विकत नाही, आणि विकायला काढलेली जमीन बहुधा खडकाळ असते. दर बदलणे, गायरान आणि सरकारी पडीक जमिनीचा पर्याय तपासणे, ही कामे महिन्याला पैसे टाकण्याइतकी सोपी नाहीत. त्यांचा फलकही होत नाही. म्हणून ती मागे पडतात.

योजना सर्वांसाठी, लाभ कोणाला?

कामगिरीच्या यादीतल्या आणखी एका निर्णयाकडे पाहू. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. ४४ लाख शेतकऱ्यांना लाभ, असे सांगितले गेले. शेतकरी अडचणीत आहे आणि त्याला मदत व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण पंप त्याच्याकडे असतो ज्याच्याकडे विहीर आहे, आणि विहीर त्याच्याकडे ज्याच्याकडे जमीन आहे. आपल्या वस्तीतला मजूर त्याच शेतात राबतो. वीजमाफीतला एक रुपया त्याच्या मजुरीत येत नाही. केंद्राच्या सहा हजारांवर राज्याचे सहा हजार देणाऱ्या नमो शेतकरी योजनेचेही तसेच. सातबारा नाही तर लाभ नाही.

यात सरकारने जात पाहून कोणाला वगळले, असे आम्ही म्हणत नाही. पण जमीन जातीच्या उतरंडीने वाटली गेली असेल, तर जमिनीमागे जाणारा प्रत्येक रुपया त्याच उतरंडीने जातो. म्हणूनच राखीव निधी हवा असतो. आणि नेमका तोच निधी सर्वसाधारण योजनेला जोडला जातो.

उत्पन्नाच्या मर्यादेचेही पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा २०१३ पासूनची आहे. स्वाधारलाही तीच. नवरा आणि बायको दोघेही रोज ४५० रुपये मजुरीवर वर्षात २८० दिवस कामाला गेले, तर घराचे उत्पन्न २ लाख ५२ हजार होते. म्हणजे मजुरांचे घर सरकारच्या लेखी गरीब राहत नाही. जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, तेव्हा मर्यादा आठ लाखांची ठेवली. ते योग्यच झाले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या वर शुल्कमाफी आहे, हेही खरे. पण शुल्क माफ झाले तरी खोलीभाडे आणि जेवण सुटत नाही. आणि त्याची मर्यादा अजून तिथेच आहे.

कर्नाटकचा धडा

हा प्रश्न एका पक्षाचा नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि राजस्थानाने २०२२ मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा अद्याप नाही, आणि तो व्हावा ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

पण कायदा झाला की काम संपले, असेही समजू नये. कर्नाटकाच्या कायद्यात कलम ७-ड होते. सर्वसाधारण कामांचा काही खर्च अनुसूचित जाती-जमातींवर झाला असे 'मानून' तो या निधीत दाखवायची सोय त्याने केली होती. तिथल्या दलित संघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ते कलम गेले. त्याच सरकारने पुढे आपल्या पाच 'गॅरंटी' योजनांसाठी याच निधीतून पैसा घेतला. २०२४-२५ मध्ये तो १४ हजार कोटींहून अधिक होता. युक्तिवाद अगदी महाराष्ट्रासारखाच : लाभार्थी तुमच्याच समाजाचे आहेत. तिथे काँग्रेसचे सरकार, इथे महायुतीचे. हिशेबाची पद्धत एकच.

म्हणून कायद्यात एक वाक्य स्पष्ट हवे : जी योजना सर्व रहिवाशांसाठी आहे, तिचा कोणताही भाग या निधीतून दाखवता येणार नाही. हे वाक्य नसेल तर कायदा फाईलीतच राहील.

'मग बायकांचे पैसे बंद करायचे का?'

हा प्रश्न आम्हाला वस्तीतल्या बैठकीत एका मावशींनी विचारला, आणि त्यांचा सूर रागाचा होता. साहजिक आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचा संशय व्यक्त करून त्यांचे पैसे थांबवले. सप्टेंबरपासून ई-केवायसी आली. तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि विधवा, परित्यक्ता, आईवडील नसलेल्या बायकांची सर्वांत जास्त ओढाताण झाली. आमचे कार्यकर्ते मोबाईल घेऊन रात्री उशिरापर्यंत विहारात बसले होते. जिला खरी गरज, तिलाच सिद्ध करत बसावे लागते, हे आम्ही तिथे पुन्हा पाहिले.

त्यामुळे उत्तर स्पष्ट सांगतो. एकाही पात्र बाईचा एकही रुपया बंद होऊ नये. आमचे म्हणणे एवढेच आहे की तिचे पैसे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून द्या, जसे तिच्या शेजारणीचे देता. आणि तिच्या मुलीच्या शिक्षणाचे, तिच्या जमिनीचे पैसे त्याच्या वर द्या. आईचा हक्क आणि मुलीचा हक्क यांची झुंज लावू नका.

मावशींना हे पटायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने आपल्याच कपाटातून काढतात." आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात जे दोन वर्षे शिकलो ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

दान की व्यवस्था?

दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्यात चोरी, लूट वाढलेली असते. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की शिक्षेने किंवा करवाढीने हे थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बियाणे द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राज्याच्या सेवेत असणाऱ्यांना योग्य वेतन द्या, मग लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्यात शांतता येईल. या उपदेशात नुसते दान नाही, लोकांना उभे करणारे साधन आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. महिन्याचे पंधराशे रुपये ती विषमता थोडी सुसह्य करतात. ती मिटवायला शिक्षण, जमीन आणि रोजगार लागतो. त्यासाठीच राखीव निधी आहे.

आपण काय करायचे?

मित्रांनो, फक्त लेख वाचून थांबू नका. आम्ही आमच्या गटात काही कामे ठरवली आहेत. ती कुठल्याही विहारातून, अभ्यासिकेतून करता येतील.

पहिले काम, आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी स्वाधारचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती जणांना पूर्ण रक्कम मिळाली आणि कोणत्या महिन्यात मिळाली, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. उत्तर आले नाही तर अपील करा.

दुसरे, सबळीकरण योजनेत गेल्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात किती एकर जमीन वाटली गेली, ते त्याच पद्धतीने विचारा. आकडा शून्य आला तरी तो लेखी हवा.

तिसरे, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी आपल्या गावात कोणत्या कामावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. रस्ता वस्तीत झाला की वस्तीच्या नावाने दुसरीकडे, हे मोजायला आपल्याला इंजिनियर लागत नाही.

चौथे, अर्थसंकल्पाच्या काळात आपल्या आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच लेखी प्रश्न द्या : अनुसूचित जाती घटक कार्यक्रमातला किती निधी सर्वसाधारण योजनांवर दाखवला आहे, आणि त्या निधीच्या कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का? उत्तर काय मिळाले ते जयंतीच्या सभेत वाचून दाखवा.

जयंतीला आपण डीजेवर जेवढा खर्च करतो, त्याच्या एका छोट्या भागात हे सगळे होते. गावागावातून अशी पन्नास-शंभर उत्तरे गोळा झाली की तो समाजाचा स्वतःचा अहवाल होईल. सरकारची कामगिरी तेव्हा फलकावरून नाही, आपल्या वहीवरून ठरेल.

त्या मुलीचा हप्ता अखेर दुसऱ्या सत्रात आला. तिने पहिल्यांदा काय केले? आईचे उसने घेतलेले पंधराशे रुपये महिन्याच्या हिशेबाने परत पाठवले. आईने ते घेतले नाहीत. सरकारचा हिशेब असा घरातल्या घरात मिटत राहतो, म्हणूनच तो कुठे दिसत नाही. तो दिसावा, एवढ्यासाठीच हे लिहिले.

जय भीम! नमो बुद्धाय!